सायलेन्सर सोडून बोला

गुंडेराव कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर बसायच्या आधी त्या घरातल्या फ्रीजच्या मागे उलटा हात घालून बघत. मग टीव्हीच्या डोक्यावर, मग मिक्सरच्या बुडाला. निकाल ठरलेला असे : "तापायलंय." आम्ही पुण्याहून काचीगुड्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याच दिवशी ते जिना चढून आले. आमचा नवाकोरा रंगीत टीव्ही अजून खोक्यातच होता. खोक्याला हात लावून म्हणाले, "हौ, हे बी तापंल."

तो सगळा नवलाईचा काळ होता. माझ्या नवऱ्याला कुकटपल्लीच्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती. कोठी भागातल्या दुकानांत कधी न ऐकलेल्या नावांचे साबण येत होते आणि रस्त्यावर दर महिन्याला नव्या तऱ्हेची मोटार दिसत होती. गुंडेरावांकडे मात्र एक जुनी, पेट्रोलवर चालणारी पिकअप होती. तिचा मूळ रंग कुठला, यावर गल्लीत दोन मतं होती. तीत डबे भरून ते पहाटे हॉटेलांना दही पोचवत. "विका आता," असं कुणी म्हटलं की ते त्याला कोपरानं धरून दहा पावलं लांब नेत. "तिच्यासमोर नका बोलू."

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. माहेराहून तिला घेऊन आले तेव्हा ती दोन महिन्यांची होती. रात्रभर जागून पहाटे पाचला कुठे तिचा डोळा लागायचा आणि साडेपाचला खाली गाडी सुरू व्हायची. आधी खोकला, मग गुरगुर, मग भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं तसा आवाज. पोर टाहो फोडी. आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी केस पिंजारलेले, तशीच गॅलरीत गेले आणि ओरडले, "अहो काका, तिचं तोंड तरी बांधा!"

ते वर बघत राहिले. मलाच दिवसभर कसनुसं झालं. पण दोन-तीन दिवसांत गाडी खरंच निवली. नुसती घुमायची. दुरुस्त करून घेतली असेल, असं मी धरून चालले. विचारायलाही गेले नाही.

महिनाभरात संकट आलं. गाडीला चढ चढवेना. केबिनमध्ये पाय भाजायला लागले, जवळ ठेवलेल्या डब्यातलं दही आंबायला लागलं. एका संध्याकाळी गुंडेरावांनी बॉनेट उघडलं, तर मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून मागे धाडणारा तो बिडाचा नळ, भट्टीतल्या सळईसारखा लाल झालेला. आता उलटा हात लावायचीही सोय नव्हती.

अफझलगंजहून याकूब उस्ताद आले. दोघांची जुनी दोस्ती आणि तितकंच जुनं भांडण. उस्तादांनी आधी टायमिंग बघितलं. ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल जळत जळतच नळात जातं, म्हणाले. टायमिंग ठीक निघालं. मग कार्बोरेटर उघडून पेट्रोल कमी पडतंय का ते पाहिलं. तेही ठीक. व्हॉल्व्ह ठीक. गुंडेराव शेजारी उभे राहून, "देखो, देखो, बराबर देखो," म्हणत. उस्ताद गाडीच्या मागे सरकले की मात्र हे आडवे येत.

"सायलेन्सर छोडके बोलो."

"कैकू छोडना जी?"

"नया है वो."

त्या सायलेन्सरला चार ठिगळं होती.

उस्ताद वैतागले. "ऐसाच चलाए तो फटेगा ये. आग लगेगी, फिर दही का कढी बनाते बैठो."

तीन दिवस गुंडेराव रिक्षात डबे घालून हिंडले. निम्म्या हॉटेलांत वेळेवर पोचेनात. दोन हॉटेलवाल्यांनी दुसरा दहीवाला धरला.

रविवारी माझा नवरा खाली उतरला. गाडी सुरू करायला लावून तो मागे उकिडवा बसला आणि नळकांड्याच्या तोंडाशी तळहात धरला.

"काका, हवा बाहेर येतच नाहीये. श्वास कोंडलाय हिचा."

"सकाळी हवा कमीच असती."

"बारा वाजलेत काका."

उस्तादांनी आता कुणाला विचारलं नाही. इंजिन गार होऊ दिलं, सायलेन्सर उतरवला आणि फरशीवर उभा आपटला. आतून तारेनं आवळून बांधलेला एक काळाठिक्कर गोळा पडला. भांडी घासायच्या तारेच्या घासण्या! उस्तादांनी मोजल्या. अकरा.

"ये क्या है जी? इंजिन में बर्तन मांजते क्या तुमे?" उस्ताद गरजले.

गुंडेरावांनी ओठांवर बोट ठेवलं. "हल्लू, उस्ताद. ऊपर बच्ची सोई है."

मी गॅलरीतच होते. उस्तादांनी घासण्यांकडे पाहिलं, वर माझ्याकडे पाहिलं आणि उरलेल्या सगळ्या शिव्या कुजबुजत दिल्या.

संध्याकाळपर्यंत गाडी बरी झाली. आवाजही पहिल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोरीला छातीशी धरून वाट बघत बसले. साडेपाच वाजून गेले तरी आवाज नाही. गॅलरीत आले. नुकतं फटफटलं होतं. आमची गल्ली मोठ्या रस्त्याकडे जराशी उतरती आहे. गुंडेराव एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला लावून दह्यानं भरलेली गाडी ढकलत नेत होते. अनवाणी. चपला वाजू नयेत म्हणून केबिनमध्ये ठेवल्या होत्या. मी नवऱ्याला हलवून उठवलं. तो तसाच बनियनवर धावला आणि मागून हात लावला.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले. खाली कधी आत गेलेच नव्हते. काकूंना जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला.

"काका, मी रागाच्या भरात बोलले हो," मी म्हटलं. "तिचं काय, रडेल आणि झोपेल. तुम्ही दारातच सुरू करा गाडी."

"नक्को," ते म्हणाले. "बारा साल झाले बघा बाई, ह्या घरात माझ्याआधी झोपलेलं, माझ्यानंतर उठणारं कोणी नव्हतं. दार आपटा, बादली आपटा. कोणासाठी जपायचं? आता वर पोरगी झोपायलीय म्हणलं की पाऊल आपोआप हल्लू पडायलंय."

मग छताकडे बघून म्हणाले, "बरं वाटायलंय. राहू द्या."