टायमर वाजला, ट्रे कच्चा

"जगात गुप्तहेर तीन प्रकारचे," मामा म्हणाले. "पगारी, हौशी आणि मी. पगारी पैशासाठी शोधतो, हौशी नावासाठी शोधतो. मी शोधतच नाही. मला पाहिलं की वस्तुस्थितीचाच धीर सुटतो आणि ती आपणहून सगळं कबूल करते."

हे सांगताना मामांनी स्वेटर उलटा घातला होता आणि त्याची धुण्याच्या सूचनांची पट्टी मानेपाशी लोंबत होती. समोर भाचा रिकामी बशी घेऊन बसला होता. त्याला या घडीला वस्तुस्थितीपेक्षा नाश्त्याची गरज जास्त होती.

मामांनी सगळी नोकरी पार्सल ऑफिसात, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काढली. लोक येऊन काय हरवलं ते सांगत आणि मामा त्यांना उद्या यायला सांगत. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले. मोठ्या सुट्टीला सगळं गणगोत बहिणीच्या घरी जमायचं, तेव्हा तेही यायचे आणि भाच्याला मदतनीस नेमायचे. भाच्याचं लग्न झालं, पोट सुटलं, केस विरळ झाले, पण या खात्यात त्याला बढती मिळाली नाही.

यंदाचं प्रकरण मात्र खरोखर नाजूक होतं. भाच्याच्या आईने आजवर सुट्टीतला प्रत्येक नाश्ता शेगडीपाशी उभं राहून केला होता. घरभर माणसं, प्रत्येकाला गरम वाढायचं, आणि ती स्वतः सगळ्यांचं उरकल्यावर ओट्यापाशीच चार घास कसेबसे पोटात ढकलायची. यंदा भाच्याच्या बायकोने ते मोडायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळीच तिने दोन मोठे ट्रे भरले. एकात पावाचे तुकडे, उकडलेले बटाटे, कांदा आणि वरून अंडी, दूध, चीज. दुसऱ्यात पाव, सफरचंद आणि साखर. रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचं, सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचं की झालं.

"उद्या तुम्ही शेगडीपाशी यायचं नाही," तिने सासूला बजावलं होतं. "सगळ्यांबरोबर टेबलाशी बसून गरम खायचं."

"बघू," आई म्हणाली होती. या घरात 'बघू' म्हणजे साधारणपणे 'नाही' असतं, पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली होती.

आणि आता सकाळी दोन्ही ट्रे ओव्हनमध्ये गेल्याला तास झाला. ओव्हनला चावीचा टायमर होता, तो किर्र किर्र करत फिरला आणि टण्णकन वाजला. भाच्याच्या बायकोने अंड्यांचा ट्रे बाहेर काढला तर अंडी-दूध होतं तसं डुचमळत होतं. तिला वाटलं, वेळ कमी पडला. तिने पुन्हा चावी दिली. पुन्हा तासाभराने टण्ण झालं. ट्रे कच्चा तो कच्चाच.

बाहेरच्या खोलीत माणसांच्या पोटात कावळे ओरडत होते. आई दोनदा येऊन हळूच विचारून गेली, "कढई ठेवू का गं?" दोन्ही वेळा सुनेने मान हलवून नाही म्हटलं, पण दुसऱ्या वेळी तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून भाच्याला वाईट वाटलं. मामांना हुरूप आला.

"भाचेबुवा, चला," ते म्हणाले. "घटनास्थळ."

स्वयंपाकघराची खिडकी पलीकडच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, त्यामुळे आत दिवसाही अंधार. मामांनी आत शिरता शिरता दिवा लावला, ट्रेच्या कडेला बोट लावलं आणि डोळे मिटले.

"कोमट," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कोमट वस्तू दोनच प्रकारची असते. गरम होती ती गार होते आहे, किंवा गार होती ती गरम होते आहे. मी दोन्ही शक्यता खुल्या ठेवतो."

"ओव्हन बिघडला असेल, मामा."

"चालू आहे. हात लावून बघ, आत्ताही ऊब वाढते आहे." ते खरंच होतं. ओव्हनचा आतला दिवा ओव्हन विकत घेतल्यापासूनच गेलेला होता, पण दारावर हात ठेवला की तापत चालल्याचं कळत होतं. "म्हणजे यंत्र निर्दोष. उरला माणूस. भाचेबुवा, हा तो ट्रे नव्हेच."

"म्हणजे?"

"खरा ट्रे केव्हाच खरपूस भाजून झाला. तो कोणीतरी लंपास केला आणि जागी हा कच्चा ठेवला."

"अख्खा ट्रे? एवढ्या माणसांचा?"

"म्हणूनच संशयित मोठ्या अंगाचा असणार," मामा म्हणाले आणि थेट बाहेरच्या खोलीत दाजींपुढे जाऊन उभे राहिले.

दाजी म्हणजे भाच्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. अंगाने भरदार, स्वभावाने गरीब. मामांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"दाजी, भूक लागली आहे का?"

"नाही हो, तेवढी नाही."

मामांनी भाच्याकडे पाहिलं. सगळं घर भुकेने व्याकूळ असताना जावयाला भूक नसणं ही गोष्ट भाच्यालाही जरा खटकली. मामांनी दाजींच्या शर्टावरून चिमटीत काहीतरी उचललं, उजेडात धरलं आणि तोंडात टाकलं.

"पुरावा खाल्लात तुम्ही," भाचा म्हणाला.

"तपासला. बिस्कीट आहे." मामांचा चेहरा पडला. दाजींनी मान खाली घालून कबूल केलं की प्रवासातला बिस्किटांचा पुडा त्यांनी मागच्या खोलीत एकट्याने संपवला होता. त्यावरून बहिणीने त्यांना जे ऐकवायला सुरुवात केली ती थांबेपर्यंत तपास तहकूब ठेवावा लागला.

मग मामांचा संशय शेजाऱ्यांवर गेला, कारण त्यांच्या घरातून छान वास येत होता. नंतर तो ओव्हन विकणाऱ्या दुकानदारावर गेला, कारण तो इथे नव्हता आणि मामांच्या मते हजर नसणं हा कसलेल्या गुन्हेगाराचा पहिला गुण. मध्येच नाना, म्हणजे भाच्याचे वडील, पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊन आले आणि मामांनी त्यांनाही धारेवर धरलं. नाना म्हणाले की त्यांनी ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. नाना आयुष्यात फक्त विजेच्या मीटरकडे लक्ष देऊन पाहायचे, तेव्हा यावर सर्वांचा विश्वास बसला.

"आता सरळ विचार करू," मामा म्हणाले. सगळे पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी जमले होते. "फायदा कोणाचा? ट्रे फसला की शेगडीवर पुन्हा राज्य कोणाचं?"

मामा सावकाश वळले आणि त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे भाच्याच्या आईकडे पाहिलं.

"मामा, हे बोलायचं नाही," भाच्याची बायको म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पॅसेजमधली कुजबुज थांबली. "ट्रे माझा आहे. फसला तर मी फसले. आईंवर शंका घेतलेली मला चालणार नाही."

भाच्याला आपल्या बायकोचा त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि हे आपण बोलायला हवं होतं हेही कळलं.

"बोलू दे गं त्याला," आई शांतपणे म्हणाली. "लहानपणी दुधावरची साय हाच खायचा आणि मांजराची चौकशीही हाच करायचा."

मामांनी हे मनावर घेतलं नाही. "ताई, प्रयोग करू. ट्रे पुन्हा आत जाईल. तू इथे पॅसेजमध्ये, दारासमोर या खुर्चीत बसायचं. आत पाऊल टाकायचं नाही. नजरकैद समज."

"बसते," आई म्हणाली आणि बसली. सुट्टीच्या सकाळी तिला बसलेलं पाहायची कोणाला सवय नव्हती, त्यामुळे येणारा-जाणारा एकदा थबकत होता.

ट्रे आत गेला, चावी फिरली, सगळे बाहेर आले. सगळ्यात शेवटी मामा.

"अरे, जरा थांब," आई म्हणाली.

"आरोपीने प्रयोग चालू असताना बोलू नये."

आई गप्प झाली आणि बघत राहिली. थोड्या वेळाने दाजी ट्रेची प्रगती बघायला आत गेले आणि बाहेर आले. मग नाना आत गेले, बाहेर आले. मग बायकोने डोळ्यांनी खुणावलं म्हणून भाचा जाऊन आला. तो बाहेर पडताच आईने त्याला हाक मारली.

"इकडे ये. उजवा हात दाखव."

भाच्याने हात पुढे केला. हातात काही नव्हतं.

"बाहेर येताना या हाताने काय केलंस?"

"काही नाही."

"पुन्हा आत जा आणि पुन्हा बाहेर ये. नेहमीसारखा."

भाचा आत गेला. ओव्हनकडे पाहून बाहेर आला. आणि या वेळी त्याने स्वतःचा हात जाताना पाहिला. दाराबाहेर भिंतीवर बटणांची रांग होती. हात त्या रांगेवरून वरून खाली फिरला आणि स्वयंपाकघर अंधारात गेलं.

"यातलं एखादं ओव्हनचं नाही का रे?" आईने विचारलं.

पॅसेजमधल्या माणसांनी एकेक करून आपापल्या हाताकडे पाहिलं. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की नाना अर्धा दिवस बोलायचे. त्या बोलण्याच्या धाकाने पोरं, जावई, पाहुणे सगळे तयार झाले होते. कुठलं बटण कशाचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आत जाताना सगळी चालू, बाहेर येताना सगळी बंद. जो जो ओव्हन बघायला गेला त्याला तो चालू दिसला, कारण जाता जाता त्यानेच तो चालू केला होता. टायमर तेवढा चावीवर इमानाने फिरत राहिला.

"मीही दोनदा केलं," भाचा बायकोला म्हणाला. "निदान."

"पण इतकी वर्षं हे कधी झालं नाही," नाना गोंधळून म्हणाले. "सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघराचा दिवा मी कधी बंद केलेला मला आठवत नाही."

"मी आत असायचे ना," आई म्हणाली. "खोली रिकामी नसायची."

इतक्या वर्षांत ते स्वयंपाकघर पहिल्यांदाच रिकामं पडलं होतं आणि त्याचा पत्ता घराला अशा रीतीने लागला होता.

"हे मान्य करावंच लागेल," मामा म्हणाले, "की ताईला त्या खुर्चीवर मी बसवलं."

मग सगळी बटणं चालू करून, नव्याने चावी देऊन नानांना बटणांपाशी स्टूल देऊन बसवलं आणि हात मांडीवर ठेवायची ताकीद दिली. तासभर ते स्वयंपाकघरात जळणाऱ्या दिव्याकडे व्याकूळ होऊन बघत बसले, पण उठले नाहीत. टायमर वाजला. दोन्ही ट्रे फुगून, वरून तांबूस होऊन बाहेर आले आणि वास घरभर पसरला. मामांनी अधिक तपासासाठी कडेचा कुरकुरीत तुकडा मागून घेतला.

पहिली बशी आईपुढे गेली. ती टेबलाशी, सगळ्यांच्या मधोमध बसली होती आणि जरा अवघडली होती. तिने घास घेतला आणि घाईने तोंडावर हात धरला.

"केवढं गरम आहे," ती म्हणाली. मग हसली आणि दुसरा घास फुंकर घालून खाल्ला.

भाच्याची बायको सुरी घेऊन उभी होती. एकाला कापून देत होती तोवर दुसऱ्याची बशी पुढे येत होती.

"तू कुठे बसणार?" आईने तिला विचारलं.

"बसते ना. आधी सगळ्यांचं होऊ दे."

आईने चमचा खाली ठेवला. "हे वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "ते तू घेऊ नकोस."

बायकोने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि आपली खुर्ची आईशेजारी सरकवून तिला दिली. त्याने कापलेले तुकडे वेडेवाकडे पडत होते आणि मामांनी त्याबद्दल दोनदा नापसंती दाखवली. सगळ्यांना वाढून होईपर्यंत बराच वेळ गेला. शेवटी तो ओट्यापाशी आपला तुकडा घेऊन उभा राहिला तेव्हा तो पार गार झाला होता. त्याने तो मुकाट्याने खाल्ला.