परबकाका आणि चिरंतन अस्तित्व

परबकाका माणसाला माणूस म्हणत नसत. दारावर येणारा भाजीवाला हा 'एकल व्यापारी'. शेजारचं मांजरेकर जोडपं सारखं भांडायचं, म्हणून ती 'भागीदारी संस्था, तीसुद्धा अनोंदणीकृत'. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून जुंपली तेव्हा काका उठले, सेक्रेटरीला म्हणाले, "सहकारी संस्थेचे मुख्य उद्दिष्ट सेवा हे असते," आणि खाली बसले. लिफ्ट अजून बंदच आहे.

वय अठ्ठावन्न. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी कॉमर्सला बसले होते. आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगमध्ये आणि आमच्या अख्ख्या घराण्यात पहिली ग्रॅज्युएट मी. हे सांगायला मी लाजत नाही. म्हणून काका वाणिज्य संघटनाचं पुस्तक घेऊन माझ्याकडेच आले. या वयात कशाला, असं मी तोंडावर विचारलं.

"बत्तीस वर्सां जिच्याकडे काम केलंय, ती कंपनी म्हंजे कोण, ता माका समजाक व्हया गो."

काका स्टेशनपलीकडच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. एक दिवस गेटवर नोटीस लागली. खात्यात बाराजण, ती वाचून एकालाही काही कळलं नाही. आता तिथे टॉवर आहे.

मी त्यांना बोर्डाच्या पेपरची रीत शिकवली. प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर, आणि महत्त्वाच्या शब्दाखाली पट्टी धरून पेन्सिलीची रेघ. तपासणारा रेघा बघतो, बाकी कोण वाचतंय, असंही छातीठोक सांगितलं. काकांना रेघेचं वेडच लागलं. वाण्याच्या यादीत तूरडाळीखाली रेघ. घरी आलेल्या लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या नावाखाली रेघ. नवरीच्या नाही, 'ती दुय्यम मुद्दा' म्हणे. काकूंनी पट्टी लपवून ठेवली होती चार दिवस.

गाडी अडली ती एका मुद्द्यावर. संयुक्त भांडवली कंपनीचं वैशिष्ट्य: चिरंतन अस्तित्व. सभासद मेले तरी कंपनी मरत नाही. काकांनी पुस्तक मिटलं.

"ह्या खोटा आसा. कंपनी मेली. आमी आसंव."

मी म्हटलं, काका, पुस्तकात आहे ते लिहायचं, खरंखोटं बोर्ड विचारत नाही. पुस्तकातलं ते वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा म्हणवून घेतलं. म्हणायचे बिचारे, शाळेतल्या पोरासारखे मान हलवत.

मधूनच काका उशिरा यायचे, केस ओले. "आमच्या खात्यातलो मुळीक गेलो," एवढंच सांगायचे. दोन महिन्यांनी, "शिरोडकार गेलो." मला वाटायचं, अभ्यास चुकवायला बरी कारणं मिळतात. एकदा तसं बोललेही. काकांनी खिशातून पट्टी काढली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

परीक्षेच्या गेटवर हवालदाराने 'पालकांनी बाहेर थांबा' म्हणून त्यांना अडवलं. काकांनी हॉलतिकीट दाखवलं, तर त्याने सलाम ठोकला. हे काकांनी बिल्डिंगभर सांगितलं.

निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजीसुद्धा. वाणिज्य संघटनात तेहेतीस. पासाला पस्तीस लागतात. माझा पारा चढला. मी शिकवलेला माणूस नापास होतोच कसा? काका "ऱ्हवांदे गो" म्हणत राहिले, मी ऐकलं नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली.

तो प्रश्न आलाच होता. वैशिष्ट्यं क्रमाने, बरोबर. चौथा मुद्दा, चिरंतन अस्तित्व. त्याखाली पुस्तकातलं वाक्य नव्हतं. मुळीक, शिरोडकर, कदम, अशी एकाखाली एक सात नावं होती.

तपासणाऱ्याने त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली नव्हती, फुलीही मारली नव्हती. प्रत्येक नावाखाली पेन्सिलीची रेघ होती, पट्टी धरून ओढलेली.