पुतळ्यांची माळ आणि दुबईचं यंत्र

चंद्रप्रकाश नाईकधुरे स्वतःची ओळख करून देताना डोळे अर्धे मिटून घेत. "मालाडपासून मढपर्यंत गुन्ह्याच्या बाबतीत एकच डोकं चालतं," ते सांगत, "आणि ते योगायोगाने माझ्या खांद्यावर आहे. मी चेहरा बघत नाही, चेहऱ्यामागचा माणूस बघतो." गेल्याच महिन्यात त्यांना गॅस सिलिंडरवाल्याच्या चेहऱ्यामागे दरोडेखोर दिसला होता. त्याला हाकलून दिल्यापासून नाईकधुऱ्यांचा स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर चालला होता.

त्यांचा शेजारी आणि मदतनीस शिवदास याला हे सगळं ठाऊक होतं. पण बिचाऱ्याला नाही म्हणता येत नसे. त्यामुळे मढच्या बसमध्ये ते अवजड यंत्र मांडीवर घेऊन तोच बसला होता. यंत्र नाईकधुरे साहेबांच्या मेहुण्याने दुबईहून धाडलेलं. लांब दांडा, खाली तबकडी, आणि जमिनीत धातू असला की ते कुंईकुंई करी.

बोलावलं होतं मथुराबाईंनी. नाईकधुऱ्यांच्या दारावर पापलेट आणणाऱ्या कोळीण त्या. त्यांची सासू द्रौपदीबाई ज्येष्ठात अचानक वारली आणि तिच्या ताब्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ कुठे दिसेना. घरातल्या प्रत्येक मुलीला ती घालूनच हळद लागलेली. आता वर्षाच्या आत उरकायचं म्हणून मथुराबाईंच्या लेकीचं, जयाचं लग्न काढलेलं, आणि हळद दुसऱ्या दिवशी. मथुराबाईंचा संशय होता धाकट्या जावेवर, वनमालावर. ती त्याच घराच्या दुसऱ्या खणात राहत होती आणि अंगण दोघींचं एकच होतं.

"अजून तोंडातून काय काढलं नाय मी," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "पण माळ नाय गावली तर निघंल, आन मंग घर फुटंल."

साहेबांनी पहिला नियम घातला तो गुप्ततेचा. माळेविषयी कोळीवाड्यात अवाक्षर काढायचं नाही. कोणी विचारलंच तर दोघे रस्ता मोजायला आलेत असं सांगायचं. थोड्याच वेळात अर्धा कोळीवाडा कुंपणाशी जमला आणि रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून नेणं कसं सोयीचं आहे ते जो तो समजावू लागला.

इकडे यंत्र अंगणात टेकलं आणि कुंईकुंई सुरू झालं. चार पावलं डावीकडे, कुंई. उजवीकडे, कुंई. शिवदासने खणलं तर शिशाच्या गोळ्या निघाल्या, दुसरीकडे खणलं तर आणखी गोळ्या. ज्या अंगणात पिढ्यानपिढ्या जाळी विणली आणि सांधली, तिथे जाळ्याला बांधायचं शिसं नाही सांडणार तर काय मोती सांडणार?

साहेबांनी एक गोळी चावून पाहिली. "चाच्यांचा खजिना," ते म्हणाले. "सोन्यावर शिशाचा मुलामा दिलाय. हुशार जात."

दात दुखू लागल्यावर त्यांनी चाच्यांना निर्दोष सोडलं आणि यंत्र वनमालाच्या ओट्यापाशी नेलं. तिथे ते जास्तच जोरात ओरडलं. साहेबांनी डोळे अर्धे मिटले आणि सगळ्यांसमोर बोट दाखवलं. "चोर ओट्यावर बसलाय."

ओट्याखाली निघाला होडीचा गंजका नांगर. पण शब्द बाहेर पडला तो पडलाच. वनमाला ओट्यावर मासे साफ करत होती, तिने कोयता खाली ठेवला आणि मथुराबाईंकडे पाहिलं. मथुराबाईंनी मान खाली घातली, आणि तिला कळायचं ते कळलं. उद्या हळदीला पाय ठेवणार नाही, एवढंच सांगून ती आत गेली. काकीनेच अंगाखांद्यावर वाढवलेली जया तिच्या बंद दाराशी बसून रडू लागली. शिवदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या शकुबाई डोकावल्या. रस्ता मोजताना पोरगी का रडते, हे काही त्यांना उमगेना.

शिवदासने जन्मात पहिल्यांदा साहेबांचा नियम मोडला. "द्रौपदीबाईंची माळ हरवलीय," तो म्हणाला.

"हरवली?" शकुबाईंनी हनुवटीला बोट लावलं. "माज्याकडं हाय ना ती. वैशाखात माज्या सुनेच्या हळदीला म्हातारीनंच दिलेली. परत द्यायला येणार तर तीच गेली. दुखाच्या घरात सोनं घेऊन शिरतात काय कुणी? म्हटलं, जयाच्या हळदीलाच आणीन. तुमी इचारलं का न्हाय?"

शकुबाई घरून माळ घेऊन आल्या. मथुराबाईंनी ती जयाला दिली नाही. सरळ वनमालाचं दार वाजवलं आणि दार उघडताच माळ तिच्या ओंजळीत ठेवली. "तूच घाल तिला. माजं चुकलं गं," त्या म्हणाल्या. वनमालाने आधी जावेचे डोळे पदराने पुसले, मग स्वतःचे. मग तिने जयाला जवळ ओढलं.

साहेब घसा खाकरून पुढे झाले. आपण मुद्दामच दबाव आणला, म्हणूनच माळ बाहेर आली, असं ते शांतपणे समजावू लागले. वनमालाने सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातलं फावडं त्यांच्या हातात दिलं.

"उद्या हितं बाया नाचणार हायत," ती म्हणाली. "एकबी खड्डा दिसता कामा नये."