संत्र्याच्या चवीची गोळी

"आ करा," बायको म्हणाली.

टेलरदादांनी आ केला.

"जीभ उचला."

"अगं, गिळली मी. पोटात पोचलीसुद्धा."

"पोटातच ना? पडद्यात नाही ना पोचली?"

दादांनी तोंड मिटलं. मागे त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, तेव्हा दादा रोज गोळी मुठीत घेऊन पाण्याचा ग्लास तेवढा रिकामा करायचे. पुढे कधीतरी बायकोने खिडकीचे पडदे धुवायला काढले आणि खालच्या दुमडीतून गोळ्यांची माळच हाताला लागली. एकेका गोळीला वेगळा कप्पा, वर बारीक टाका. टाका इतका सुबक, की उसवताना तिलाही जिवावर आलं होतं.

पण तेव्हाचे दादा वेगळे होते. तेव्हा गल्लीत त्यांना सगळे ‘गठ्ठाशेठ’ म्हणत. स्वतःच्या कमरेचं माप घ्यायला त्यांना दोन टेपा जोडाव्या लागत. मशीनवर बसले की आधी पोट पोचायचं, हात मागाहून यायचे. शेवटी गुडघ्यांनी आणि श्वासाने एकदमच हात टेकले, आणि वजन कमी करायची शस्त्रक्रिया झाली. पोट लहान झालं, वजन उतरलं. दादा पुन्हा मशीनला चिकटून बसायला लागले. खाली पडलेली टाचणी ज्या दिवशी त्यांनी स्वतः वाकून उचलली, त्या दिवशी ते दुकानात एकटेच हसले. मग मुद्दाम आणखी चार टाचण्या पाडल्या आणि त्याही उचलल्या.

आता पोट लहान झालं की त्यात मावतंही थोडं आणि अंगी लागतंही थोडं. म्हणून गोळ्या आल्या, त्याही जन्माच्या. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी नीट समजावलं होतं. "लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियमची दुपारी. दोन्ही एका वेळी नाही घ्यायच्या. जावा जावा आहेत असं समजा. एका ओट्यावर उभ्या राहिल्या की दोघींचंही काम होत नाही. आणि चुकवल्यात तर हाडं ठिसूळ होतील, हातात जोर राहणार नाही. मग सुई कशी धरणार?"

ही सुई दादांना बरोबर टोचली होती. बायकोला मात्र पडदा आठवत होता.

"सकाळची गोळी माझ्यासमोर," तिने बजावलं. "दुपारची दुकानात, तुमची तुम्ही. पण ज्या दिवशी कळेल की फसवलंत, त्या दिवशी दुकानाला कुलूप. घरी बसायचं, माझ्या नजरेसमोर."

दादांनी कबूल केलं. दुकानाशिवाय ते म्हणजे दोऱ्याशिवाय रीळ. आणि दुसरंही एक कारण होतं. आधीची कॅल्शियमची गोळी एवढी मोठी होती की घशात अडकायची. त्यांचे हाल बघून बायको औषधांची दुकानं पालथी घालत फिरली आणि चावून खायच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. पांढऱ्या, गोल, संत्र्याच्या चवीच्या. घामाने डबडबली होती, पण चेहरा असा, जणू खजिना सापडला. दवाखान्यात रात्रंदिवस उशाशी बसलेली ही बाई अजून आपल्यासाठी उन्हातान्हात हिंडते, हे बघून दादांना भरून आलं. त्यांनी मनाशी ठरवलं, आता एकही गोळी चुकवायची नाही. आणि त्यांनी ती चुकवली नाही, इथेच सगळा घोटाळा झाला.

त्याचं असं झालं. बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं होतं. दादांच्या बोटांना ते जमेना. एकदाचं उघडल्यावर त्यांनी सगळ्या गोळ्या एका पत्र्याच्या डबीत ओतल्या. कटिंगच्या टेबलावर तशीच दुसरी डबी होती, तिच्यात कापडावर खुणा करायच्या खडूचे झिजलेले तुकडे असत. दादा खडू कधी टाकत नसत. झिजून झिजून गोल झाले तरी ते डबीत जमा होत. दादांनी विचार केला, गोळ्या विसरायच्या नाहीत, तर त्या उजव्या हाताला ठेवू. खडूची डबी त्यांनी डावीकडे सरकवली.

पण तीस-पस्तीस वर्षं खडू उजवीकडे होता. डोक्याने डबी हलवली तरी हाताला ते कोणी सांगितलं नव्हतं. कापड पसरलं की हात आपोआप उजवीकडे जायचा, डबीतून पांढरं, गोल काहीतरी उचलायचा आणि रेघ मारायचा. रेघ छान उठायची. दुपारी दादा चष्मा काढून बसायचे आणि विचार करायचे, "सकाळपासून या डबीतला खडू वापरतोय, म्हणजे गोळ्या त्या डबीत." हिशेबात कुठे चूक नव्हती. मग ते डावीकडच्या डबीतला तुकडा तोंडात टाकून इमानेइतबारे चावायचे.

संध्याकाळी बायको विचारायची, "घेतली?"

"घेतली."

"कशी लागते?"

दातांत कापड अडकल्यासारखी लागायची. घशात भिंतीचा चुना उतरल्यासारखं वाटायचं. पण दादांना तिचा घामेजलेला चेहरा आठवायचा.

"अगदी संत्रं," ते म्हणायचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नुकतंच सोललेलं." नंतर तर म्हणाले, "आज बी लागलं दाताला, असं वाटलं."

बायको खूश झाली. तिने आणखी बाटल्या आणून ठेवल्या.

आणि मग दुकानात मुंग्या आल्या.

हेडमास्तरांच्या निवृत्तीचा समारंभ जवळ आला होता. त्यांचा काळा कोट दादांनी कापून टेबलावर ठेवला होता. सकाळी बघतात तर कापडावर मुंग्या. त्याही इकडेतिकडे नाहीत. खांद्याच्या रेघेवरून निघालेल्या, बगलेला वळसा घालून खिशाच्या चौकोनाला प्रदक्षिणा घालत होत्या.

"ही तुझी बिस्किटं!" दादा काजवाल्या बाईंवर घसरले. काज-बटण करणाऱ्या या बाई दाराशी, उजेडात बसत. दुकानाइतक्याच जुन्या होत्या, आणि दादांना घाबरत तर मुळीच नसत.

"माझी बिस्किटं दाराशी असतात, मुंग्या तुमच्या टेबलावर," बाई म्हणाल्या. "माझ्या बिस्किटांना काय पाय फुटले?"

"चुरा उडतो."

"उडून बरोब्बर खिशाच्या रेघेवर बसतो? बिस्किटाला शिवण येते वाटतं!"

तरी दुसऱ्या दिवशी बाई मुंग्या मारायचा खडू घेऊन आल्या. टेबलाच्या चारही पायांभोवती त्यांनी गोल आखले. मुंग्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या छतावरून लोंबणाऱ्या वायरीने उतरत होत्या.

त्याच दिवशी दुपारी हेडमास्तर ट्रायलला आले. दादांनी कोट झटकून झटकून त्यांच्या अंगावर चढवला. हेडमास्तर आरशासमोर ताठ उभे राहिले. मग थोडे कमी ताठ झाले. मग त्यांनी एक खांदा उडवला.

"टेलर, कोट चावतोय."

"नवीन कापड आहे, सर. अंगाला बसेल."

"बसलेलं नाही, चाललेलं आहे." हेडमास्तरांनी आरशात पाठ बघितली. मुंग्या मधल्या शिवणीवरून एकामागे एक उतरत होत्या. "इतकी वर्षं शाळा चालवली, पण प्रार्थनेला अशी रांग एकदाही लागली नाही."

दादा शरमले. घाईघाईने बाही आखूड करायची खूण करायला त्यांनी उजवीकडच्या डबीत हात घातला. हेडमास्तरांच्या मनगटावर रेघ ओढली आणि हेडमास्तरांचं नाक हललं.

"संत्र्याचा वास कुठून येतोय?" त्यांनी दादांच्या हातातला तुकडा घेतला, बोटांत फिरवला, हुंगला. "टेलर, मी आयुष्यभर खडू धरलाय. हा खडू नाही."

दादांनी चष्मा लावला. तुकड्याकडे बघितलं. मग डाव्या डबीकडे बघितलं. मग ते स्टुलावर बसले.

"मग दुपारी मी काय खातोय?"

"खडू!" काजवाल्या बाई ओरडल्या आणि दुसऱ्याच क्षणी पांढऱ्याफटक पडल्या. "अगं बाई! दादा, मुंग्यांचा खडू मी टेबलावरच ठेवला होता हो! आता दिसत नाहीये!"

दादांनी पोटावर हात ठेवला. आजचा तुकडा नुकताच खाल्ला होता. कडू होता का? सगळेच सारखे लागत.

"वहिनींना फोन करते."

"नको! दुकान जाईल!"

"दुकानाचं काय घेऊन बसलात, तुम्हीच जाल!" बाईंनी फोन लावलाही. "वहिनी, लवकर या. दादांनी खडू खाल्लाय. शिंप्याचा की मुंग्यांचा, ते माहीत नाही."

बायको धापा टाकत आली. येता येताच तिने आहाराच्या बाईंना फोन लावला होता. फोनमधून त्या म्हणत होत्या, "आधी मुंग्यांचा खडू शोधा. तो अख्खा आहे का, ते बघा. सापडला नाही तर तसेच दवाखान्यात या."

शोधाशोध सुरू झाली. हेडमास्तर कोटासकट टेबलाखाली शिरले. दादांनी चिंध्यांची पिशवी उलटी केली. काजवाल्या बाई रडत रडत दोऱ्यांचं खोकं उपसत होत्या. बायको एकाएकी थांबली आणि त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली. बाईंना हातातलं काहीही अंबाड्यात खोचायची सवय होती. सुई, पेन्सिल, एकदा तर चमचा.

"बाई," बायको म्हणाली, "अंबाड्यात काय आहे?"

बाईंनी हात नेला. मुंग्यांचा खडू निघाला. अख्खा. रेघा ओढून एक टोक जरा झिजलेलं, बाकी कोणाचाही दात न लागलेला.

"मग काळजी नाही," आहाराच्या बाई म्हणाल्या. "शिंप्याचा खडू थोडाथोडा गेला असेल तर बहुतेक काही होत नाही. पण उद्या येऊन रक्त तपासून घ्या. आजपासून खरी गोळी. आणि त्या बाईंना आधी केस धुवायला सांगा."

फोन बंद झाला. बायकोने डावी डबी उघडून टेबलावर पालथी केली. खडूचे तुकडे पसरले. त्यांत दोन अर्धवट चावलेले, दातांच्या खुणा असलेले. एका बैठकीत संपले नाहीत म्हणून उरवलेले.

दादांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि तिच्यासमोर ठेवली. "माझंच चुकलं. चल घरी."

बायकोने त्यांतला एक न चावलेला तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "अहो वहिनी!" म्हणून काजवाल्या बाई पुढे झाल्या, तोवर तिने तो दाताखाली फोडला होता. तिचा चेहरा गोळा झाला. तिने पटकन चिंधीत थुंकलं.

"हे रोज खात होता?"

"रोज."

"एकदाही फेकलं नाहीत?"

"नाही."

"आणि मला सांगत होता, बी लागलं दाताला म्हणून!"

"तू एवढी हिंडून आणलीस," दादा खाली बघत म्हणाले. "म्हटलं, तिला वाईट वाटायला नको. तुझ्यामुळे मी इथे बसतोय गं. खडू काय, विटकरसुद्धा खाल्ली असती."

हसावं की रडावं हे बायकोचं ठरेना, म्हणून तिने दोन्ही थोडंथोडं केलं. हेडमास्तरांनी भिंतीकडे तोंड करून मुंग्या मोजायला घेतल्या. मग तिने टेप उचलली, उलगडली आणि दादांच्या गळ्यात घातली.

"कोट पुरा करा सरांचा. कापड झटका, नवी खूण खऱ्या खडूने करा. आणि उद्यापासून दुकान नेहमीच्या वेळेला."

"म्हणजे कुलूप नाही?"

"खडू चावणाऱ्या माणसाला कुलूप काय लावायचं?" असं म्हणून तिने उजव्या डबीतून एक गोळी काढली. "पण आता ही घ्या. खरी. माझ्यासमोर."

दादांनी गोळी तोंडात टाकली. खरी गोळी तोंडात पडायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. काजवाल्या बाई पुढे सरकल्या. हेडमास्तरांनी मुंग्या अर्ध्यावर सोडल्या. दादा चावायला लागले. एक डोळा आपोआप मिटला. मग दुसरा मिटला. तरी ते शेवटपर्यंत चावत राहिले.

"वा!" ते म्हणाले. "संत्रं!"

"आता खरं सांगायचं," बायको म्हणाली. "मघाशी जसं सांगितलंत, तसं."

दादांनी मोठ्या कष्टाने घोट गिळला आणि कृतज्ञतेने भरलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"खडू बरा होता."