सामंतभाऊंची दुसरी बाजू

शारजात रोल्लाला आमच्या समोरच्या दारात सामंतभाऊ राहतात. त्यांच्यापुढे कुणाची तक्रार करायची सोय नाही. एकदा लिफ्टमध्ये मी सहज म्हटलं, वरची बाई आमच्या गॅलरीत पाणी सांडते. भाऊंनी लगेच वरचं बटण दाबलं. "वहिनी, दुसरी बाजू काय म्हणते ते ऐकू." हातात माशांची पिशवी घेऊन मी त्या बाईच्या दारात उभी. पाणी निघालं आमच्याच एसीचं. तिने वर चहा पाजला, तो मुकाट्याने प्यावा लागला.

दुबईत देराला भाऊंचं नळ-शॉवरचं दुकान आहे. बायको गेली तेव्हा मुलगी, मुग्धा, शाळेत होती. तेव्हापासून घरात दोघंच, आणि रोजची एकच केस: एसी. भाऊंना चोवीस हवा, पोरीला वीस. रिमोट ओढत दोघं आपापली बाजू मांडायची आणि आम्हाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं.

मुग्धा दुबईला कॉलेजात होती आणि पुढे तिला इंग्लंडला लॉ करायचं होतं. झालं, भाऊंनी बिल्डिंगभर सुनावणी लावली. ॲडमिशनला काय बघतात? आमचे हे म्हणाले, "मार्क बघतात, खलास." खालच्या मजल्यावरचे मल्याळी मास्तर म्हणाले, "मार्क तो सबके हैं भाई. रिसर्च किया है तो पूछते हैं. बच्चा खुद सोचता है कि नहीं, उसी में दिखता है." भाऊंना मास्तर पटले. मुग्धाने प्रोफेसरांशी बोलून विषय घेतला: एका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं कोर्टाशिवाय भांडणं कशी मिटवतात.

खोली भाऊंनीच शोधली. देराला, त्यांच्या कुडाळकडच्या माणसांची. एकावर एक खाटा, एक बाथरूम, एक शेगडी. आणि इथे भाऊंनी माती खाल्ली. जन्मभर दुसरी बाजू ऐकणारा हा गृहस्थ आदल्या दिवशी जाऊन सगळ्यांना पढवून आला. "पोरीच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे. चांगलंच बोला."

मुग्धाने सोबतीला मला नेलं; भाऊ आपणहून मागोमाग आले आणि दारातच थांबले. ज्याला विचारावं तो म्हणे, "आमच्यात भांडणा नाय. भावासारखे रवतो." सरबत आलं, पुन्हा तेच उत्तर आलं. एवढ्यात स्वयंपाकघरातून बांगडा तळल्याचा खमंग वास सुटला. वार सोमवार. आत्ताच भावासारखे म्हणालेला एक जण ताडकन उठला. "बांगडो कोणी तळलो? माजो सोमवार, ठावक नाय?" मग जे जुंपलं ते विचारू नका. शेवटी वयाने मोठा असलेला एक पेंटर उठला, त्याने शेगडी बंद केली आणि निकाल दिला: सोमवारवाल्याचं जेवण होईपर्यंत तवा चढणार नाही. दोघांनी निमूट ऐकलं. मुग्धाचा चेहरा खुलला. भाऊ दारात घामाघूम.

घरी येईपर्यंत त्या पेंटरकडून तिला सगळं कळलं होतं. "बाबा, यू कोच्ड देम! आय हॅव टु राइट धिस."

"तुझ्यासाठीच केलं ना?"

"तरी लिहिणार."

आणि तिने रिपोर्टात लिहिलं. पहिल्या मुलाखती घरच्याच माणसाने पढवल्यामुळे वाया गेल्या, असं स्वच्छ लिहिलं. भाऊंचं जेवण सुटलं. "असं वाचून कोण घेणार हो तिला? मीच पोरीचं वाटोळं केलं," एवढंच म्हणत राहायचे.

इंग्लंडच्या कॉलेजने ऑनलाइन इंटरव्ह्यू ठेवला. ती आतल्या खोलीत, भाऊ आणि मी हॉलमध्ये कान लावून. मार्कांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. सगळे प्रश्न त्या वाया गेलेल्या मुलाखतींवर. ती बाहेर आली तेव्हा भाऊ म्हणाले, "माझं नाव घेतलंस?"

"नाही. फॅमिली मेंबर म्हटलं."

"आणि त्याची बाजू? ती कुणी मांडली?"

"मीच," मुग्धा मराठीत म्हणाली. "म्हटलं, आई नाहीये. माझं काही बिघडलं तर आपणच कमी पडलो, असं त्यांना वाटतं. म्हणून पढवलं."

भाऊ चष्मा पुसत बसले. मला तर तिथे बसवेना. पुढे ॲडमिशन मिळाली. ती रिसर्चमुळे की मार्कांमुळे यावर आमचे हे आणि मास्तर अजून भांडतात. मला विचाराल तर, आपलं फसलेलं काम न लपवणारी पोरगी त्यांना आवडली असणार.

मुग्धा गेली. परवा भरली वांगी द्यायला गेले, तर घर बर्फासारखं गार. बाहेर अंगाची लाही होतेय आणि भाऊ स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून सोफ्यावर. एसी वीसवर.

"अहो भाऊ, करा की चोवीस. आता कोण अडवतंय?"

"नको वहिनी. तिची बाजू मांडायला ती इथे नाही. आपणच जिंकायचं, हे काही बरं नाही."

मी डबा टेबलावर ठेवला, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि म्हटलं, "मला सोसत नाही. बावीस करा."

भाऊंनी मफलर सोडला आणि सरसावून बसले. "बावीसच का? बसा, सांगा बघू."

मी बसले.