लाखबंद कांजी

पार्सल बांधावं तर आम्हीच! टपाल कचेरीत माझ्या हातचं पार्सल उघडायला लोकांना विळा लागतो. तेव्हा एका बरणीचं तोंड बंद करणं म्हणजे काय मोठं काम?

बरणी कांजीची होती. त्याचं असं झालं, माझ्या धाकट्या बहिणीला, वच्छलेला, पाहायला पारशिवनीचे मालगुजार रुपरावजी मुलाला घेऊन येणार होते. याआधीची स्थळं हातची गेलेली, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यात कळलं, रुपरावजींना मधुमेह. गोडाला शिवत नाहीत, वैद्यांनी आंबवलेल्या भाज्या खायला सांगितल्यात. मी मांडीवर थाप मारली. शिरा रद्द! मुळा, गाजर, मोहरी, मीठ, पाणी. व्याही कांजीवरच जिंकायचा.

बायकोनं बरणीला पातळ फडकं बांधलं. मी ते काढलं.

"अहो, तिले वारा लागू द्या. आंबून राहिली ते."

"तुले काय समजते वं? अशानं सारा गुण उडून जाईन."

झाकण दाबलं, वर मेणकापड, त्यावर सुतळी, आणि लाख वितळवून मोहर मारली. तशी ती थेट विलायतेला पोचली असती. मग आठवडाभर उन्हात ठेवली.

पाहुणे आले. लढाईचे दिवस, रुपरावजी जपानी विमानांबद्दलच बोलत बसले. वच्छला पाटावर, समोर मुलगा गिरिधर. मी बरणी मधोमध आणून ठेवली. बायको शेजारीच उभी.

"रुपरावजी, खास तुमच्यासाठी," म्हणत लाखेला सुरी लावली मात्र, धडाम! झाकण आढ्याला. मुळ्याचे काप देवांच्या तसबिरींना चिकटले. मोहरीचं पाणी व्याह्यांच्या फेट्यावर.

"जपान आला गा!" रुपरावजी बसल्या तख्तपोसाखाली शिरले. देह मालगुजारी, अर्धाच मावला.

गेलं, हेही स्थळ गेलं. एकटी वच्छला तेवढी जागची हलली नव्हती.

थोड्या वेळानं रुपरावजी बाहेर आले. मिशीवरचं पाणी चाटलं. थांबले. पुन्हा चाटलं.

"काय हाय गा हे? झ्याक लागून राहिलं."

बरणीत उरलेली कांजी त्यांनी पेल्यात ओतून घेतली, घटाघट प्याले आणि म्हणाले, "पोरगी पसंत. धीराची हाय. फोडा सुपारी."

माझा कानांवर विश्वास बसेना. तेवढ्यात वच्छला म्हणाली, "दादा, मले पोरगा पसंत नाही."

"काहून वं?" माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"आवाज झाला तसा माह्या मागं येऊन दडला. अजून तिथंच हाय."

पाहतो तर खरंच. गिरिधर तिच्यामागे उकिडवा बसलेला, तिच्या पदराचं टोक मुठीत.

"असा माणूस काय कामाचा, तूच सांग."

चालून आलेलं स्थळ मोडते म्हणजे काय? तिला दटावायला मी तावातावानं पुढे निघालो. पण निघता येईना. आधी माझ्या मुठीतला बायकोचा पदर सोडावा लागला.