फोटोपुरता पाइप

"छे! काहीतरी कमी आहे या चेहऱ्यात!"

बाथरूमच्या बंद दारामागून ही कुरकुर आली, तेव्हा वहिनी बाहेर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. साहेबांना आरशाशी बोलायची सवय होती आणि वहिनींना ते ऐकायची. संसार जुना झाला, की नवरा समोर बसून बोलतो त्यापेक्षा बंद दाराआडून जास्त खरा कळतो.

"नाक ठीक. कपाळाबद्दल तर बोलायलाच नको. पण रुबाब? रुबाब कुठाय?"

मग काचेच्या ग्लासात काहीतरी 'टिंग' वाजलं. वहिनी चटकन मागं सरकल्या आणि उगाच खोकल्या. त्या 'टिंग'बद्दल या घरात कुणी बोलत नसे.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी साहेब कुठल्याशा परिषदेला म्हणून परगावी गेले आणि परतले ते तोंडभर एकसारखे, दाणेदार, पांढरेशुभ्र दात घेऊन! "हवापालट मानवला," एवढंच म्हणाले. "दिसतंच आहे," वहिनी म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सफरचंद किसून द्यायला सुरुवात केली. "चाकू बोथट झालाय मेला," असं कारणही दिलं. तो चाकू दोन वर्षं बोथटच होता. ऑफिसातही चहाबरोबरची कडक बिस्किटं बंद होऊन गुपचूप मऊ केक सुरू झाला. एकूण काय, साहेबांना कवळी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे हे साहेबांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब बाहेर आले ते छाती पुढं काढूनच.

"ठरलं! पाइप!"

"गळतोय का कुठं?"

"तंबाखूचा पाइप गं! ओढायचा!"

"अहो, तुम्हाला उदबत्तीनं खोकला येतो!"

"ओढणार कोण आहे? धरणार! तोंडात, असा, कोपऱ्यात. फोटोपुरता."

फोटोचं प्रकरण गंभीर होतं. साहेब वजनमापे तपासणाऱ्या खात्यात होते आणि नुकतेच तिथले मुख्य झाले होते. त्या ऑफिसच्या लांबलचक व्हरांड्यात आजवरच्या सगळ्या मुख्यांचे फोटो ओळीनं टांगलेले. एकाच्या हातात चांदीच्या मुठीची काठी, एकाच्या डोक्यावर हॅट, एक तर चक्क शिकारी कुत्र्याला घेऊन बसलेला. कर्तबगारी सगळ्यांची विसरली गेली होती, पण 'काठीवाले', 'हॅटवाले' आणि 'कुत्रेवाले' लोकांच्या तोंडी अजून होते. साहेबांच्या हातात काहीच नव्हतं. आपल्याला पुढं लोक काय म्हणतील? 'ते कुत्रेवाल्यांच्या शेजारचे'! हा विचार त्यांना जेवू देईना.

"आणि पाइप पारखायचं म्हणशील," साहेब वहिनींना म्हणाले, "तर आयुष्यभर मी दुसरं केलं काय? मला काय कुणी फसवतोय!"

पाइपचं दुकान बारीकसं होतं. आत शिरताच सुक्या पानांचा आणि मधाचा वास. म्हातारा दुकानदार चष्मा पुसत पुढं आला.

"पहिलाच पाइप? मग साहेब, हलका घ्या. नवख्या माणसाच्या जबड्याला भार सोसत नाही." त्यानं मक्याच्या कणसाचा एक पिवळा पाइप पुढं केला. पिसासारखा हलका.

"कणीस?" साहेब किंचाळले. "मी काय घोडा आहे?"

"बरं, मग हा बघा. लाकडीच, पण सडपातळ. विशेषतः ज्यांचे दात..."

बोलता बोलता त्याची नजर साहेबांच्या हसऱ्या तोंडावर गेली आणि तिथून वहिनींवर. वहिनींनी डोळे असे काही वटारले की म्हाताऱ्याचं वाक्य घशातच अडकलं.

"ज्यांचे दात काय?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"ज्यांचे दात... इतके शुभ्र आहेत, त्यांना काळा रंग खुलतो!"

"अस्सं! स्वतःचे आहेत हो! अक्रोड फोडतो अजून!"

वहिनी छताकडे बघू लागल्या. दुकानदारही बघू लागला. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

इथवर सगळं निभावलं असतं. पण साहेबांनी खिशात हात घातला आणि आपला लाडका तराजू काढला. डबीएवढा, पितळी, कुठंही जाताना बरोबर असणारा. वहिनींना तो लग्नाच्या दिवसापासून माहीत होता. दुकानदाराला मात्र तो बघताच घाम फुटला. खात्याचा माणूस! धाड पडली! आता बरण्यांमधली तंबाखू मोजणार!

त्या क्षणापासून त्या बिचाऱ्यानं नाही म्हणणंच सोडलं.

साहेब एकेक पाइप पारड्यात टाकत गेले. "हा बघ, हलका. म्हणजे माल कमी! हाही हलका. ग्राहकाला नागवता काय?"

"चुकलं साहेब."

"जो जड, तो खरा! बरोबर?"

"अगदी बरोबर साहेब."

"तो वरचा काय आहे?"

वर काचेच्या पेटीत एक काळाकुट्ट पाइप होता. भांडं लोटीएवढं, त्याला पितळी कडं, वर पितळी झाकण. तो दुकानाची शोभा म्हणून ठेवलेला होता आणि बहुधा कुणी राक्षसानं मागे विसरलेला असावा. पारड्यात ठेवताच तराजू 'कट्' करून आडवा झाला.

"हा!" साहेबांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात पाइप!"

"याला म्हणतात पाइप," म्हातारा पुटपुटला. पण माणूस चांगला असावा. साहेब आरशासमोर मान वळवून बघत होते तेवढ्यात त्यानं वहिनींच्या मुठीत एक इवलीशी रबरी टोपी सरकवली. "दांडीच्या टोकाला बसवा. पकड राहते. अशा... अशा लोकांसाठी असते ही."

वहिनींनी घरी आल्यावर ती हळूच बसवली. साहेबांनी बघताच उपटून काढली.

"हे काय? बाळाच्या बाटलीचं बूच?"

"निसटू नये म्हणून हो..."

"माझ्या तोंडातून? निसटेल? कसं?"

आता बोलावं, असं वहिनींना त्या क्षणी फार वाटलं. पण समोर हा माणूस नव्या कोटात, पाइप धरून, शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजा झालेल्या मुलासारखा उभा! "काही नाही," म्हणून त्यांनी टोपी पर्समध्ये टाकली.

फोटोच्या दिवशी ऑफिसच्या मोठ्या हॉलमध्ये सगळे जमले. आधी फोटो, मग साहेबांचं भाषण, मग मऊ केक. वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची. मध्यभागी साहेब, मागं प्रचंड तराजू, तोंडात तो काळा पाइप.

"वाऽ!" फोटोग्राफर म्हणाला. "आता जरा हसा साहेब!"

साहेब हसले. आणि पाइप जरासा झुकला.

आता, हा हॉल होता वजनमापेवाल्यांचा. काटा केसभर हलला तरी ज्यांना दिसतो, अशी माणसं. पाइप झुकला, तशा सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर झुकल्या. मग सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि कुणी भिंतीकडे, कुणी पंख्याकडे, कुणी स्वतःच्या नखांकडे बघू लागलं. साहेबांचा वरचा ओठ लांबत चालला होता.

"थोडं आणखी हसा!"

फोटोग्राफर बाहेरचा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब मनापासून हसले. खण्ण! पाइप फरशीवर आपटला, गोल फिरला आणि हेडक्लार्कच्या बुटाशी येऊन थांबला. दांडी अजूनही दातांनी घट्ट चावून धरलेली होती. फक्त चावणारे साहेब नव्हते.

साहेबांनी ओठ गच्च मिटले. चेहरा निम्मा झाला.

हेडक्लार्क हा जन्मभर साहेबांना सांभाळत आलेला माणूस. साहेबांची लाज राखायची, हे त्यानं क्षणात ठरवलं. आणि त्याला नियमांखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

"बेवारस वस्तू!" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "शिपाई, पिशवी आणा! लाख आणा, सील आणा!"

"अहो, पण ते तर..." फोटोग्राफर म्हणू लागला. चौघांनी मिळून त्याला खोकला लागला आहे असं ठरवून पाणी पाजलं.

खात्याची रीतच होती. आवारात सापडलेल्या वस्तूचा तीनदा पुकारा करायचा, कुणी पुढं आलं नाही तर सील ठोकून मुख्य गोदामात रवाना. तिथून वस्तू परत आल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"ही वस्तू कुणाची?" पहिला पुकारा झाला.

सगळे पंख्याकडे. साहेबांनी हात अर्धा वर केला, मग त्याच हातानं केस सारखे केले. आपली म्हणावी तर अब्रू जाते, न म्हणावी तर दात जातात! आणि पुढ्यात भाषण!

"कुणाची आहे ही?"

शिपाई लाख वितळवू लागला. साहेबांची नजर भिरभिरत वहिनींवर येऊन थांबली. त्या नजरेत रुबाब काही शिल्लक नव्हता. लाख टपकन पिशवीच्या तोंडाशी पडली.

"तिसऱ्यांदा विचारतो..."

"आमच्या ह्यांची!" वहिनी उभ्या राहिल्या. "कवळी आहे ती, ह्यांची! द्या इकडं!"

हेडक्लार्कनं पिशवी छातीशी धरली. "खात्री आहे ना, वहिनी?"

साहेब ओठ मिटूनच, नाकातून कसंबसं म्हणाले, "तुला... ठाऊक होतं?"

"नाही तर काय, दोन वर्षं सफरचंद मी हौसेनं किसतेय?"